इंदूताईंची शनिवारची मॅच

शनिवारी सकाळी दहाला मॅचला बसण्याआधी इंदूताई आपला फोन तांदळाच्या डब्यात टाकायच्या आणि झाकण दाबून लावायच्या. मॅच जपानातली, रग्बीची. ती तिकडं खेळून झालेली असायची, आपण इकडं लंडनला झोपेत असताना. लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं, राजाराणीचं नव्हे. निकाल साऱ्या जगाला कळलेला असायचा. पण इंदूताई म्हणायच्या, "मी बघितली नाही तोवर मॅच झालेली नाही." फोन तांदळात गेला की जगाचं तोंड बंद.

मंडळाच्या दिवाळी अंकवाल्या पोरींनी मला म्हटलं, काका, तुम्ही गावाकडचं काहीतरी लिहा. मी म्हटलं, गावाकडचं लिहायला गावाकडं माणसं आहेत. मी इंदूताईंवर लिहीन, नाहीतर लिहिणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. वाक्य कुठं वाकडं गेलं तर तसंच छापा, सरळ करत बसू नका.

आमची ओळख झाली ती आवाजावरून. मुलाकडं येऊन मला पहिलंच वर्ष होतं. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळा चिखल झाला होता, आणि मी आपला रोजच्यासारखा चालायला निघालो होतो. दोन घरं सोडून एका उघड्या खिडकीतून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला. "अरे पाय धर त्याचा! पाय धर, मान काय धरतोस?" मराठीत. मी जागच्या जागी थांबलो. मी सोळा वर्षं साखर कारखान्याच्या टीमकडून कबड्डी खेळलेला माणूस. डावा कोपरा माझा. परक्या देशात कुणीतरी पकड शिकवतंय म्हटल्यावर माझ्यानं राहवेना. बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका बारक्या चणीच्या बाईनं. अंगावर सुती साडी, आणि साडीवर निळा जर्सी शर्ट, इतका मोठा की बाह्या मनगटाच्या खाली लोंबत होत्या. मी विचारलं, कबड्डी लागलीय काय हो? त्या म्हणाल्या, "रग्बी आहे. निकाल माहीत असेल तर बाहेरच थांबा. नसेल तर या, चहा टाकलाय."

मला कुठला निकाल माहीत असणार? मी आत गेलो. त्या दिवसापासून पुढची चार वर्षं, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, माझा शनिवार तिथं गेला.

पहिल्याच दिवशी मी भांडलो. म्हटलं, हा कसला खेळ? पुढं जायचंय आणि चेंडू मागच्याकडं टाकतात? वेड्यांचा बाजार आहे हा. इंदूताईंनी टीव्हीवरून मान न वळवता विचारलं, "आणि तुमच्यात हो, जाधवराव? श्वास कोंडून, कबड्डी कबड्डी करत, सात जणांच्या घरात एकटे जाता. ते शहाण्यांचं लक्षण का?"  याचं उत्तर मी अजून शोधतोय.

बाई शिकलेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेली. नवरा इथल्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. पण खेळातलं काडीचं कळत नव्हतं, आणि कळत नाही याची लाजही नव्हती. रग्बीतल्या सगळ्या गोष्टींना त्यांनी आपली नावं ठेवली होती. दोन्हीकडचे आठ आठ जण डोकी अडकवून ढकलतात, तो 'रेटा'. बाहेर गेलेला चेंडू आत टाकताना एकाला दोघं वर धरतात, ती 'उचल'. आणि पंच टीव्हीवर परत परत बघत बसला की त्या म्हणायच्या, "आता याची साडी निवडणं चाललंय, तुम्ही तेवढ्यात बिस्किट घ्या."

या सगळ्याच्या मुळाशी होता केंता. नवरा गेल्यावर इंदूताईंनी बेसमेंट भाड्यानं दिलं, आणि युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकायला आलेला हा जपानी पोरगा तिथं वर्षभर राहिला. मानेचा असा जाड की बेसमेंटच्या जिन्यात आडवं व्हावं लागायचं. कान चुरगळलेले, तालमीतल्या पैलवानासारखे. कॉलेजात रग्बी खेळायचा. इंदूताई सांगायच्या की वर्षभरात त्याचं इंग्रजी काही फार पुढं गेलं नाही. पण 'बास', 'अजून' आणि 'लोणचं' हे तीन शब्द पक्के झाले, आणि त्यातला 'बास' त्यानं क्वचितच वापरला. सांगितल्याशिवाय ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा. जाताना त्यानं बॅगा दारात ठेवल्या, मागं वळला, आणि इंदूताईंच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून कमरेत वाकला. इंदूताईंकडं नव्हे, स्वयंपाकघराकडं. हे सांगताना त्या दर वेळी हसायच्या आणि दर वेळी उठून काहीतरी आवरायला लागायच्या.

परत गेल्यावर केंता एका कंपनीत लागला, आणि कंपनीच्या टीमकडून खेळायला लागला. त्या टीमचाच हा निळा शर्ट, त्यानंच पाठवलेला. मॅच बघायची सोयही त्यानंच लावून दिली होती. दुपारपर्यंत मालाच्या गोदामात काम, नंतर सराव. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या कारखान्यातही हेच. मला नोकरी मिळाली ती पकडीवर. कामाचं नाव मिलहाऊस, म्हणजे ऊस गाळायचं, पण चार वाजले की मैदान. पुढं कारखान्याचा चेअरमन बदलला. टीमनं त्याच्या पाया पडायचं ठरलं. मी पडलो नाही. मी आईबापाच्या पाया पडलो, मैदानाच्या पडलो, चेअरमनच्या कशाला पडू? मला उसाच्या वजनकाट्यावर बसवलं आणि दोन वर्षांत टीमच बंद केली. हे मी इंदूताईंना एकदाच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग काट्यावर बसून मैदान दिसायचं का?" दिसायचं. म्हणूनच तिथं बसवलं होतं.

जपानच्या त्या लीगची एक तऱ्हा आहे, ती सांगितली पाहिजे. तिथं तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर जी टीम तळाला राहते ती गुपचूप खाली ढकलत नाहीत. खालच्या पायरीवर जी वर आलेली असते, तिच्याशी तिला समोरासमोर दोन मॅच खेळाव्या लागतात. दोन्ही मॅचची बेरीज धरतात. जागा पाहिजे तर हिसकून घे, राखायची तर राखून दाखव. मला हे फार पटलं. कागदावर बदली करण्यापेक्षा हे बरं.

माझ्या दुसऱ्या वर्षी केंताचे निळे अशाच दोन मॅच जिंकून वरच्या पायरीवर गेले. इंदूताईंनी दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि आख्ख्या गल्लीत वाटले, अंगात तो शर्ट घालून. समोरचा डॉन म्हणून म्हातारा गोरा आहे, त्यानं पेढा हातात घेऊन हसून विचारलं, बॉय ऑर गर्ल? इंदूताई म्हणाल्या, "फर्स्ट डिव्हिजन." डॉननं अभिनंदन केलं. काय समजला कुणास ठाऊक. पण पुढं कितीतरी दिवस तो इंदूताईंना बाळ कसं आहे विचारायचा, आणि त्या सांगायच्या की मागच्या आठवड्यात मार खाल्ला.

निकालाच्या बाबतीत मात्र गंमत चालत नव्हती. एका संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम शनिवारीच होता, शाळेच्या हॉलमध्ये. इंदूताईंनी मॅच संध्याकाळवर टाकली होती. निखिल म्हणून सॉफ्टवेअरमधला मुलगा आहे, गुणी आहे, पण गप्प बसणं शिकवलेलं नाही. इंदूताईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यानं कौतुकानं सांगितलं की काकू, मी आत्ताच चेक केलं, तुमची टीम तीस पॉइंटनी हरली. इंदूताई हात पुढं करून उभ्या राहिल्या. "द्या परत." त्याला वाटलं चेष्टा आहे. त्या हात पुढंच धरून राहिल्या. शेवटी त्यानं वडी हातावर ठेवली, अर्धी खाल्लेली. ती रुमालात बांधून त्या घरी गेल्या, आणि ती हरलेली मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. वर्षभर त्या पोराशी बोलल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला त्याला दोन वड्या दिल्या.

हरलेली मॅचही पूर्ण बघायची, हा त्यांचा नियमच होता. मी तसा नाही. चाळीस पॉइंट मागं पडले की मी उठायला बघायचो. त्या म्हणायच्या, "शिट्टी वाजली का? मग बसा." आणि शिट्टी वाजल्यावरही उठू द्यायच्या नाहीत, कारण खरी गोष्ट त्यानंतर असायची. ते खेळाडू, जिंकलेले, हरलेले, रक्त लागलेले, ओळीत उभे राहतात आणि बघणाऱ्यांकडं तोंड करून वाकतात. पाया पडणं नव्हे ते. ताठ उभं राहून, कमरेतून. आणि त्या क्षणी इंदूताई खुर्चीतून उठायच्या, गुडघ्यांना हात लावत, आणि टीव्हीला नमस्कार करायच्या.

पहिल्यांदा मी हसलो होतो. म्हटलं, ताई, त्यांना दिसतंय थोडंच? त्या म्हणाल्या, "ते वाकलेत. बसून कसं घ्यायचं?"

तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. इंदूताई मॅच बघताना टीव्हीकडं बघत नव्हत्या. शेजारच्या खिडकीकडं बघायच्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. पण ओरडणं तर चालू. मग विचारायला लागल्या, चेंडू कुठाय, जाधवराव? आता कुणाकडं? आणि एकदा चहा ओतताना कपाच्या बाहेर धार गेली आणि त्यांना ते बशीतनं गरम चहा बोटावर येईपर्यंत कळलं नाही. मी फडकं आणून दिलं. त्याच म्हणाल्या. डोळ्याच्या मधलं जातंय. कडेचं राहतं. सरळ बघितलं तर माणसाच्या जागी करडा डाग, आणि भलतीकडं बघितलं तर तोच माणूस कडेनं दिसतो.

"मृदुलाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. मृदुला म्हणजे त्यांची मुलगी. ओटावाला सरकारी नोकरीत आहे, एकुलती एक. तिला कळलं तर ती आईला इथं एक दिवस ठेवणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून मी मॅच सांगायला लागलो. त्यांच्या उजव्या बाजूला, जरा पुढं खुर्ची ओढून. मला रग्बीचे इंग्रजी शब्द येत नव्हते, त्यामुळं मी आमच्याच मैदानावरचं सांगायचो. पांढऱ्यांचा एक चढाईला आलाय, डाव्या कोपऱ्यातून, धरला, कंबर धरली, सुटला, परत धरला. इंदूताई म्हणायच्या की त्यांना आता डोळे असतानापेक्षा जास्त कळतंय. मी कुणाच्या कौतुकानं फुगणारा माणूस नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी माझा घसा बसला असेल तर मी मिठाच्या गुळण्या करायचो, हे खरं आहे.

चौथ्या वर्षी निळे तळाला गेले. केंताचंही वय झालं होतं. आता त्याला पहिल्यापासून घेत नव्हते, शेवटची वीस मिनिटं उतरवायचे. ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. त्या दोन मॅच आल्या. पहिली निळे अकरा पॉइंटनी हरले.

त्याच आठवड्यात मृदुलाला कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडून अपॉइंटमेंटचा फोन चुकून तिच्या नंबरवर गेला. शुक्रवारी ती गाडी घेऊन आली. मी तेव्हा तिथंच होतो, उठून जायला लागलो तर इंदूताईंनी बसवलं. मुलगी चांगली आहे, आरडाओरडा केला नाही. जिना, गॅस, बर्फ, एकटं राहणं, सगळं सांगितलं. तिच्या बिल्डिंगजवळच एक चांगली जागा बघून ठेवली होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा हिला. धिस इज नॉट सेफ."

मी काय सांगणार? ती खरं तेच बोलत होती.

इंदूताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्याची मॅच होऊ दे. निळे वर राहिले तर मी अजून एक वर्ष इथं. खाली गेले तर येते तुझ्याबरोबर. पुन्हा वाद नाही."

"आई, कुठल्या तरी रग्बीवर डिसिजन घ्यायचा?"

"माझ्यावर सोडलं तर मी जिंकणार, डॉक्टरांवर सोडलं तर तू. तिसरं कोणीतरी नको का?"

मृदुला हसली, मग रडली, मग कबूल झाली. मला वाटतं, तिलाही स्वतःच्या तोंडानं आईला उठवायचं नव्हतं.

शनिवारी दहाला इंदूताईंनी डबा पुढं केला. आपला फोन टाकला आणि मृदुलाला म्हणाल्या, "तुझाही." सरकारी फोन आहे म्हणाली. "असू दे. तांदूळ बासमती आहे." तो गेला आत. मृदुला मागं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, पण तिच्या बोटांचा आवाज थोड्याच वेळात थांबला.

मी सांगायला लागलो. निळे त्या दिवशी असे खेळले की मी तसं कधी बघितलं नव्हतं. पकड सुटत नव्हती. अर्ध्या वेळेला पुढं होते. बाराच्या फरकानं जिंकायचं होतं. फरक नऊपर्यंत गेला. केंताला उतरवलं. मी म्हटलं, ताई, आला तुमचा. त्या खिडकीकडं बघत होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मान कशी आहे त्याची?" मी म्हटलं, आहे तशीच आहे, जिन्यात बसणार नाही.

शेवटचा रेटा पांढऱ्यांच्या रेषेजवळ लागला. तिथून कसलेही पॉइंट मिळाले असते तरी पुरलं असतं. मी सांगत होतो, केंता पहिल्या रांगेत आहे, खाली वाकलाय, पाय रुतवलेत, हलले, पुढं चाललेत, ताई, पुढं चाललेत. आणि मग तो सगळा ढीग कोसळला, चेंडू पांढऱ्यांच्या हातात गेला, आणि त्यांच्या एकानं लाथ मारून तो लोकांच्यात भिरकावला.

शिट्टी त्यांनीही ऐकली.

"जिंकलो?" इंदूताईंनी विचारलं.

"जिंकलो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. ती मॅच निळ्यांनी जिंकली होती, नऊ पॉइंटनी.

त्यांनी बेरीज विचारली.  मी मागं बघितलं. मृदुला टीव्हीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिला रग्बीतलं काही कळत नव्हतं. मी जे सांगितलं असतं ते तिनं त्या क्षणी खरं धरलं असतं. निदान त्या क्षणी.

इंदूताई खिडकीकडंच तोंड ठेवून म्हणाल्या, "जाधवराव, कबड्डीत अंगाला हात लागला, पंचानं बघितलं नाही, तर काय करता तुम्ही?"

मी त्यांना हे कधीतरी सांगितलेलं होतं. सोळा वर्षांत मी पंचाची वाट बघितली नाही. लागला की स्वतःच हात वर करून बाहेर जायचं.

मी हात वर केला. मी त्यांच्या कडेला बसलो होतो. तेवढं त्यांना दिसायचं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "वाकले का?"

मी म्हटलं, उभे राहतायत ओळीत. केंता टोकाला आहे. इंदूताई गुडघ्यांना हात लावून उठल्या. मी म्हटलं, आता. त्यांनी हात जोडले. केंता बाकीच्यांच्या नंतर सरळ झाला, बराच नंतर, तेही मी सांगितलं. त्या तोवर उभ्याच होत्या. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मृदुलाही उठली होती.

चहा घेताना इंदूताई म्हणाल्या की निळे खाली गेले तरी त्यांच्या मॅच पहिल्यासारख्याच दिसत राहतील. "विचारून ठेवलंय मी केंताला. दोन वर्षांपूर्वीच."

जूनमध्ये गाडी भरली. घर विकायला काढलं होतं, बाहेर पाटी ठोकलेली. तांदळाचा डबा पुढच्या सीटवर इंदूताईंच्या पायाशी. त्या आधीच आत बसल्या होत्या, पट्टा लावून, अंगात निळा शर्ट. मी फुटपाथवर उभा. काय बोलायचं ते बोलून झालं होतं. मृदुलानं गाडी सुरू केली.

मी आयुष्यात फार कमी ठिकाणी वाकलोय, ते वर लिहिलंच आहे. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, आणि त्या पोरांसारखा कमरेतून वाकलो. गाडीकडं नव्हे. घराकडं आणि गाडीकडं, दोन्हीकडं मिळून. पाठ धरली, पण लगेच सरळ झालो नाही.

गाडीच्या आतून मृदुलाचा आवाज आला, "आई, काका बघ काय करतायत." मग इंजिन बंद झालं. पट्टा सुटल्याचा आवाज झाला, दार उघडलं. मी मान वर केली तेव्हा इंदूताई ड्राइव्हवेवर उभ्या होत्या, एक हात गुडघ्यावरून नुकताच उचललेला. त्यांनी हात जोडले. तोंड माझ्याकडं नव्हतं, डॉनच्या पत्रपेटीकडं होतं. म्हणजे मी त्यांना नीट दिसत होतो.